लिंक रॉड बदलून आठ महिने झाले: डाव्या चाकातली खटखट आणि "तो पार्ट तर नवीन आहे" ही चूक

मागच्या जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी पुढच्या दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड (चाकाजवळची वीतभर दांडी, नीट खाली सांगितलंय) ओरिजिनल टाकून घेतल्या. आता फेब्रुवारी संपत आलाय, गाडी त्यावर 9,200 किलोमीटर चालली, अख्खा पावसाळा धरून. म्हटलं आता लिहावं. दुरुस्ती झाल्यावर आठ दिवसांत लिहिलेल्या अनुभवाला या बाबतीत काही अर्थ नसतो, कारण पहिल्या वेळी, मार्चमध्ये लोकल दांडी टाकली तेव्हा पण आवाज गेलाच होता. सात आठवड्यांसाठी.

गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा 71,000 किलोमीटर झालेले. आम्ही धायरीत राहतो, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला आठवड्यातून तीनदा कर्वेनगरला फिजिओथेरपीला न्यायचं असतं. नवले पुलावरून हायवेला लागलं की वारज्यापर्यंत गाडी एकदम शांत, आणि आतल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची झाकणं, खणून बुजवलेले पट्टे आले की डाव्या पुढच्या चाकातून खट-टक, खट-टक. बोटाच्या पेराने लाकडी दार वाजवावं तसा कोरडा आवाज. स्पीड 15 ते 25 च्या मध्ये सगळ्यात जास्त, पन्नासच्या पुढे जवळजवळ नाहीच.

यात आईचं श्रेय सांगायलाच पाहिजे. ती शेजारच्या सीटवर बसते, ठोका तिला पायाखाली जाणवायचा, आणि ऑपरेशन झालेला पाय असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला ती अंग आखडून घ्यायची. तिने पंचवीस-तीस वर्षं शिलाईचं काम केलंय, मशीनचा आवाज बदलला की काय ढिलं झालंय ते ती बघायच्या आधी सांगते. ती म्हणाली, "अगं हा एक ठोका नाहीये, दोन आहेत, एक जाताना एक येताना. काहीतरी सैल झालंय आणि दोन्हीकडे आपटतंय." हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक गॅरेजमध्ये सांगितलं, ऐकून घेतलं एकानेच.

मार्चमध्ये जवळच्याच एका गॅरेजने डावी लिंक रॉड गेलीय सांगितलं आणि बदलली. निदान बरोबर होतं, हे मी आजही म्हणते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुढच्या दोन चाकांना आडवी जोडणारी एक स्प्रिंग स्टीलची कांडी असते, वळणावर गाडी एका बाजूला झुकू नये म्हणून. तिला अँटी रोल बार म्हणतात, आणि तिचं टोक शॉकअपला जोडणारी वीतभर दांडी म्हणजे लिंक रॉड. दांडीच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, त्यावर रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला की पाणी आणि माती आत जाते, बॉल झिजतो, मग खटखट. त्यांनी साडेतीनशे रुपयांची लोकल दांडी टाकली, तीनशे मजुरी. आवाज गेला, मी खूश.

मेच्या मध्यात परत तोच आवाज. आणि इथून पुढे जे झालं त्यासाठीच हे सगळं लिहितेय.

मी जिथे जाईन तिथे स्वतःच सांगायचे की लिंक रॉड नवीन आहे, मार्चमध्येच टाकलीय. समोरचा पण मान हलवायचा, बरं मग ती नसणार. एका ठिकाणी दोन्ही शॉकअप गेलेत म्हणाले, 14,800 चं एस्टिमेट. दुसऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) लूज आहे म्हणाले, 22,400 आणि गाडी दोन दिवस ठेवावी लागेल. दोन्हीकडे डाव्या चाकाखाली जॅक लावला, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघितलं, लिंक रॉडला हात लावून "ही घट्ट आहे" म्हणाले. मी डोळ्यांनी बघितलं, खरंच घट्ट होती, त्यामुळे मला खोटं बोलतायत असं अजिबात वाटलं नाही. आईचा पुढच्या महिन्याचा फिजिओचा खर्च समोर होता आणि मी रॅकसाठी पैसे काढायच्या तयारीत होते.

भावाच्या ओळखीने नऱ्ह्यातल्या एका मेस्त्रींकडे गेले. साठीच्या पुढचे असतील. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, आधी डाव्या सीटवर बसले आणि म्हणाले, "ताई, चालवा तुम्ही, मी ऐकतो." गल्लीत एक ड्रेनेजचं झाकण होतं थोडं खाली बसलेलं, त्यावरून फक्त डावं चाक घालायला लावलं. खट-टक. मग पुढच्या रुंद स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम, सरळ, हळू. आवाज नाही. परत तोच ब्रेकर तिरका, एक चाक आधी एक नंतर. खट-टक. सांगितलं की दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो बार पिळला जात नाही, एकच गेलं तर पिळला जातो, म्हणजे आवाज बहुतेक बारच्या लाइनमध्ये आहे. तुमच्याकडे पण असा आवाज असेल तर चांगला मोठा, गोलसर ब्रेकर शोधा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा म्हणजे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, अशावर फरक छान कळतो. सोसायटीतल्या आखूड रबरी पट्टीवर सगळंच एकदम वाजतं, काही कळत नाही.

अजून दोन-तीन गोष्टी करून बघितल्या त्यांनी. झाकणावरून जाताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवायला सांगितला, आवाज तेव्हा थांबला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सैल असू शकतो. आमचा थांबला नाही. गाडी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि बाहेरून शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर तळहात ठेवला, तिथे बेअरिंग गेलं असेल तर हाताला कटकट लागते. नाही लागली. स्टिअरिंग पूर्ण कापून ॲक्सिलरेटर दिला, टकटकटक आलं असतं तर एक्सलचा जॉइंट. तेही नाही. चाकाचं बेअरिंग मी विचारलं तर म्हणाले ते घूं करतं, स्पीडबरोबर वाढतं, ठोके नाही देत. आणि या सगळ्याच्याही आधी, गाडीत बसायच्या आधीच, त्यांनी पान्याने चाकाचे नट तपासले होते. हे मात्र प्रत्येकाने पहिलं करा. सपाट रस्त्यावर सुद्धा ठोका येत असेल आणि चाकाच्या वेगाबरोबर त्याची लय वाढत असेल, तर गॅरेजपर्यंत चालवत जाऊ नका, बाजूला घेऊन नट बघा. पंक्चर काढल्यावर किंवा चाक काढून परत बसवल्यावर नट अर्धवट राहिले तर चाक निघू शकतं.

मग गाडी रॅम्पवर चढवली, चारही चाकं जमिनीवर असतात तशीच टेकलेली, आणि खाली जाऊन डावी लिंक रॉड नुसत्या हाताने हलवली. टक. मला खाली बोलावून माझा हात धरून तिथे लावला. बोटांना प्ले, म्हणजे ढिलेपणा, स्पष्ट लागला, आईने सांगितलेला, जाताना एक येताना एक. मी म्हटलं अहो काका, दोन ठिकाणी बघितली होती, घट्ट होती. ते म्हणाले जॅकवर एकच बाजू उचलली की बार पिळला जातो, दांडी ताणात येते, ताणात असलेली दांडी घट्टच लागणार. बघायची तर दोन्ही चाकं सारख्या उंचीवर पाहिजेत, टेकलेली तरी नाहीतर दोन्ही लटकलेली तरी. एवढी साधी गोष्ट आणि 22,400 रुपये जात होते माझे.

तरी माझी खात्री होईना म्हणून त्यांनी दोन्ही बाजूच्या लिंक रॉड काढून स्वतः गाडी गल्लीत दोनशे मीटर चालवून आणली, माणूस चालतो त्याच्या जरा पुढच्या स्पीडने. झाकणावर आवाज शून्य. (हे स्वतः करून हायवेला किंवा कात्रज घाटात जाऊ नका, बार सुटा असला की वळणावर गाडी खूप झुकते.)

काढलेली मार्चची दांडी माझ्याकडे अजून आहे. बॉलचा खुंट बोटाने ढकलावा लागत नाही, दांडी आडवी धरली की आपल्या वजनाने खाली पडतो. बूटची रिंगच नीट बसलेली नव्हती, एका बाजूने फट, आणि आतलं ग्रीस ओल्या वाळूसारखं तपकिरी, अंगठ्यावर चोळलं की कचकच. शेजारी नवीन ओरिजिनल ठेवली तर तिचा खुंट मला दोन्ही हातांनी हलेना.

पार्ट घ्यायला भावाबरोबर नाना पेठेत गेले. दुचाकीवर जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले, लोकल, कंपनीला सप्लाय करणाऱ्यांचा आणि कंपनीच्या पॅकिंगमधला, आणि कशात काय फरक ते सरळ सांगितलं. मी कंपनीचा जोड घेतला, 2,340 ला दोन, बसवायची मजुरी 600. जुनी उजवी चांगली होती, तरी जोडीने बदलली, त्याचा मला पश्चात्ताप नाही. लिंक रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट लागत नाही, कोणी त्यासाठी वेगळे पैसे सांगितले तर कशासाठी ते विचारा.

आता आठ महिन्यांचं. पावसाळाभर खड्डे, पाणी, खडकवासल्याला दोन-तीनदा जाणं, आवाज नाही. ऑक्टोबरमध्ये मेस्त्रींकडे जाऊन मुद्दाम बूट बघितले, चिखल पुसल्यावर रबर अखंड, कुठे ग्रीस बाहेर आलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये वेगळा आवाज सुरू झाला, ब्रेक मारताना एक धप्प आणि रिव्हर्स घेताना परत एक धप्प. यावेळी मी घाबरले नाही, कारण जूनमध्येच त्यांनी डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशला, म्हणजे त्याच्या जोडातल्या रबराला, भेगा दाखवून ठेवल्या होत्या आणि म्हणाले होते अजून चालेल, बोलायला लागला की या. आर्म बुशसकट बदलला, 2,900, वर अलाइनमेंट 500, याला मात्र ती लागतेच. बसवताना आर्मचे बोल्ट त्यांनी आधी नुसते अडकवले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचे आवळले. चाक लटकत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमचा आर्म बदलताना समोर उभं राहून एवढं बघाच.

सध्या 80,200 झालेत. उजव्या आर्मचा बुश अजून मूळचाच आहे, मे महिन्यात रॅम्पवर चढवून बघणार. आईचा पाय बराच सुधारलाय, फिजिओ आठवड्यातून एकदाच असते, आणि त्या झाकणांवरून जाताना ती आता बोलत असते, मधेच थांबत नाही.