दोन जोड, तीन की पाच? वाढत्या अंगाच्या पोराचा गणवेश

"वैनी, किती जोड घेऊ?" नणंदेचा खानापूरहून फोन. तिची धाकटी यंदा एलकेजीला. दुकानदार म्हणाला पाच, रोजचा एक. तिच्या सासूबाई म्हणाल्या दोन, आमची पोरं दोनावरच शिकली. मी उलट विचारलं, "तुझी वलणी कुठं बांधलीयस?" तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. जोड किती लागतात हे आठवड्यात शाळा किती दिवस यावर ठरत नाही. धुतलेला कपडा तुमच्या घरात किती तासांत वाळतो, त्यावर ठरतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या शाळा मेअखेर नाहीतर जूनच्या पहिल्या तारखांना उघडतात. पलीकडं महाराष्ट्रातली, चंदगडची पोरं तेव्हा अजून सुट्टीत असतात. आपली पोरं गणवेश चढवतात आणि पंधरवड्यात पाऊस हजर. म्हणजे नव्या कपड्याची पहिले तीन महिनेच परीक्षा.

जिल्हाही सगळा एकसारखा नाही. कणकुंबी, जांबोटीकडं पाऊस लागला की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. अथणी, रायबागला आषाढातही दुपारी पापड वाळतील. त्यामुळं अथणीच्या मावशीनं सांगितलेला आकडा खानापूरला लागू करू नये, आणि उलटंही.

आता तीन पर्याय समोरासमोर.

दोन जोड. एक अंगावर, एक वलणीवर. संध्याकाळी पोर घरी आलं की लगेच धुवायचं, मशीनमध्ये पिळून पंख्याखाली टाकायचं. हे रोज करणारं माणूस घरात असेल आणि कापड टेरिकॉटचं, म्हणजे पॉलिस्टर-सूत मिश्र, असेल तर दोनावर वर्ष निघतं. आई-बाप दोघं कामाला असतील तर नाही निघत. बुधवारी रात्री साडेनऊला बादलीत भिजलेला सदरा आठवतो आणि गुरुवारी सकाळी इस्त्रीनं ओला कपडा वाळवायचा कार्यक्रम सुरू होतो. तो वास दिवसभर पोराच्या अंगाला राहतो.

पाच जोड. आठवड्यातून एकदाच धुणं, डोक्याला ताप नाही. मोठ्याच्या वेळी मी हेच केलं होतं, तेही यूकेजीत. पहिलीत गेल्यावर कळलं, पहिलीपासूनचा गणवेशच वेगळा. शाळेचा काही दोष नाही, माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. जवळजवळ कोरे तीन जोड कपाटात राहिले. त्यांचे पुढं पायपुसणं, भांडी पुसायचं फडकं असे अवतार झाले. म्हणून एलकेजी-यूकेजीचा गणवेश दोनच वर्षांचा आहे का, हे दुकानात शिरण्याआधी शाळेत विचारा. पाठीमागं धाकटं भावंड असेल तर गोष्ट वेगळी, पाचही वसूल होतील. आणि हो, घाण झालेला कपडा शनिवारपर्यंत टोपलीत ठेवला की डाग पक्के होतात. पाच जोडांचा हा तोटा दुकानदार सांगत नाही.

तीन जोड. माझं मत इथंच, पण तीन 'पूर्ण' जोड नव्हेत. वरचं आणि खालचं वेगळं मोजा. साडेतीन-चार वर्षांच्या पोराचं खालचं जास्त खराब होतं. नवी जागा, लाज, बाईंना सांगायच्या आधीच चड्डी ओली. त्याला खालचे तीन, वरचे दोन पुरतात. सहाव्या वर्षी पालटतं. हाफपँट दोन दिवस सहज चालते, सदऱ्यावर मात्र डब्यातली भाजी, शाई, नाक पुसलेली बाही, सगळं त्याच दिवशी. तेव्हा वरचे तीन, खालचे दोन. दप्तरात ठेवायचा जादा कपडा गणवेशाचाच पाहिजे असं बहुतेक ठिकाणी नसतं. बाईंना विचारून साधी चड्डी-बनियन ठेवली तरी भागतं.

शनिवारचा पांढरा गणवेश एकच घ्या. आठवड्यातून एकदा, तोही अर्धा दिवस. वाळायला त्याला सहा दिवस मिळतात.

पोर सरकारी शाळेत पहिलीला किंवा पुढं असेल तर गणवेश, काळे बूट आणि मोजे कर्नाटक सरकारच्या विद्याविकास योजनेतून मिळतात, दहावीपर्यंत. तिथं आधीच तीन-चार जोड शिवून बसू नका. मिळेपर्यंत निभावायला एक पुरे.

कापडाचं बोलायला हवं, कारण निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. साध्या हवेतही सुती कापड नुसती हवेतली ओलच वजनाच्या आठ-साडेआठ टक्के धरून बसतं. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून जुलैत सुती हाफपँटची कंबरपट्टी दुसऱ्या दिवशीही गार लागते आणि टेरिकॉटची रात्रीत वाळते. पण हेच पॉलिस्टर मार्चच्या उन्हात पोराच्या मानेला चावतं. मी खालचं टेरिकॉट घेते, सदरा सुताचा भाग जास्त असलेल्या मिश्र कापडाचा. दुकानात तयारच मिळत असेल तर निवड नाही, निदान लेबल वाचावं.

शिवून की तयार? शाळेनं ठरलेल्या दुकानाची सक्ती केली नसेल तर वाढत्या अंगाच्या पोराला शिवून घेतलेला परवडतो. कारण एकच, माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. चार ते सहा या वयात पोर वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढतं. त्यातली निम्मी-अधिक वाढ पायांची धरली तरी खाली दोन इंच माया ठेवली की तोच कपडा दुसरं वर्ष ओढतो. तयार कपड्यात अर्ध्या इंचाच्या वर माया क्वचितच असते. आमच्या गल्लीतले शिंपीमामा कापड आधी पाण्यात काढून आणायला लावतात, "आटायचं ते आधीच आटू दे की." एकच खोट आहे. गडद निळ्यावर दुमड सोडली की जुन्या घडीची फिकट रेघ दिसते. चौकड्यावर दिसत नाही. कंबरेला हूक नको, इलॅस्टिक घाला. हूक काढता येईपर्यंत पोराला धीर नसतो.

"वाढत्या अंगाचा" म्हणून दोन वर्षांनी मोठंच माप घेणारे असतात. सदऱ्याला चालतं, खोचता येतो. बुटाला नाही. मोठ्या बुटात पोर पाय ओढत चालतं, पडतं. पुढं अंगठ्याएवढी, सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर जागा पुरे. बूट एकच जोड घ्या, आणि पावसाळ्यात शाळा चालवून घेत असेल तर सँडल. बूट भिजला की दोन दिवस गेले. आत वर्तमानपत्र कोंबून ठेवायचं आणि भिजलं की बदलत राहायचं.

मोजे मात्र हात सैल सोडून घ्या, सहा जोड. खानापूरच्या तांबड्या मातीत पांढरा मोजा एका पावसात विटकरी होतो. तो लगेच चोळू नका. माती वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग साबण. ब्लीच तर टाकूच नका. तो तांबडेपणा लोहाचा, ब्लीचनं उलट पक्का होतो. राहिलेल्या डागाला लिंबू चोळा.

आता दुकानदाराचा हुकमी एक्का: "पुन्हा हा माल मिळणार नाही, शाळा डिझाइन बदलते." कर्नाटकात १९९५ पासूनचा नियम आहे, ११ वा. एकदा ठरवलेला गणवेश शाळेनं पुढची पाच वर्षं बदलायचा नाही, आणि बदलायचा झाला तर पालकांना वर्षभर आधी नोटीस द्यायची. त्यामुळं भीतीनं साठा करायचं कारण नाही. जूनमध्ये कमी घ्या, कमी पडलं तर दसऱ्याच्या सुट्टीत एक वाढवा. तोवर पोराचं मापही कळतं आणि त्याला शर्ट चावतो की नाही हेही.

स्वेटर? बेळगावची डिसेंबरची सकाळ बोचते, शनिवारची तर जास्तच. पण एकच, आणि तोही दिवाळीनंतर. जूनमध्ये घेतलेला पहिल्या थंडीला मनगटाच्या वर असतो.

नणंदेची वलणी परसात, पत्र्याखाली. तीन बाजूंनी झड येते. ती म्हणाली, मग पाचच घेते. मी म्हटलं, आधी आत स्वयंपाकघरात, चुलीच्या भिंतीला एक दोरी बांध. बांधली. खालचे तीन, वरचे दोन, पांढरा एक, मोजे सहा. सासूबाईंनी मोजून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दोनच की."