जुनी पोर्शे बॉक्स्टर, नऊ महिन्यांनंतर: घेण्याआधी काय तपासलं आणि काय राहून गेलं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं टर्निंग-ग्राइंडिंगचं जॉबवर्क आहे. बेअरिंग बसायच्या जागा मायक्रॉनमध्ये मोजण्यात पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे जुनी बॉक्स्टर, म्हणजे पोर्शेची उघडणाऱ्या छताची दोन सीटांची गाडी, घ्यायची ठरली तेव्हा रंगाच्या आधी डोक्यात आलं ते एक बेअरिंग.

या गाडीच्या 2008 पर्यंतच्या इंजिनांत पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टकडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे फिरणं पोचवणारी एक मधली शाफ्ट असते, आयएमएस म्हणतात तिला. तिच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. सील थकलं की आतलं ग्रीस धुऊन जातं, इंजिनचं तेल आत अडकून जुनं होतं आणि गोळ्या कोरड्या चालू लागतात. ते बेअरिंग तुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. 2006 च्या आसपासपासून मोठं बेअरिंग आलं. ते क्वचित जातं, पण केसिंग फोडल्याशिवाय बदलता येत नाही. 2009 पासूनच्या इंजिनात ही शाफ्टच नाही. बजेटात बसत असेल तर तीच घ्या, असं मी कुणालाही सांगेन. माझ्या बजेटात 2007 ची 2.7 लिटर, 245 हॉर्सपॉवरची बसली.

म्हणून पुण्यात गाडी बघायला गेलो तेव्हा मालकाला आधीच सांगितलं की ऑइल बदलायचा खर्च माझा, पण जुना फिल्टर मला द्यायचा. फिल्टरचा कागद कापून उलगडला, घड्या चुंबकावरून फिरवल्या. लोखंडी चमक, म्हणजे झिजणाऱ्या बेअरिंगची खूण, दिसली असती तर तिथूनच परत फिरलो असतो. काळ्या प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे निघाले. ते इंजिनातल्या चेनला आधार देणाऱ्या गाइडचे असतात, नेहमीच्या झिजेतले. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून भिंतींवर उभे ओरखडे आहेत का तेही पाहिलं. ते मोठ्या इंजिनांत जास्त आढळतात, पण पाहून घ्यावं.

याआधी एक गाडी मी सोडली होती, ती निव्वळ भागाकारामुळे. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला की इंजिन किती तास चाललं ते दिसतं. मीटरवर 38,000 किलोमीटर आणि कॉम्प्युटरमध्ये 3,900 तास, म्हणजे तासाला दहा किलोमीटरसुद्धा नाही. मुंबईच्या गर्दीत राहिलेली गाडीही इतकी हळू चालत नाही. मीटर मागे फिरवलेला होता हे उघड होतं. मी घेतलेलीचे 41,000 आणि 1,450 तास निघाले, सरासरी अठ्ठावीस. चुकीच्या गिअरमुळे इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल तर त्याचीही नोंद त्याच स्कॅनरवर मिळते. ती मागायला लाजू नका.

टायरच्या खाचा खोल दिसल्या तरी बाजूचे चार आकडे वाचा. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. माझ्या गाडीचे मागचे दोन तेवढे जुने होते, रबर दगडासारखं झालेलं. ते किमतीतून वजा करून घेतले.

आपल्या सीमाभागातल्या लोकांनी कागदांवर वेळ घालवावा. महाराष्ट्रातून निपाणी ओलांडून गाडी आली आणि इथेच राहणार असेल तर एनओसी, बेळगावचा केए-22 नवा नंबर आणि कर्नाटकचा टॅक्स हे सगळं येतंच. नव्या नंबरासाठी बारा महिन्यांची मुदत असते. टॅक्सचा आकडा सौदा करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण झालंय का तेही बघा. ते पाच वर्षांचंच असतं आणि त्याची फी 2022 पासून 600 ची 5,000 झाली.

माझ्याकडून राहिलं ते छत. कापडी छताच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. फेब्रुवारीत कोरड्या हवेत त्या तपासायचं सुचलंच नाही. जुलैत कणकुंबीत दोन तास मुसळधार पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रीनं सीटखालचं कार्पेट दाबलं आणि म्हणाला, "मालक, हे पाणी कालचं एकट्याचं न्हवं. बघा, खाली बुरशी आहे." नळ्यांत पानांचा लगदा साचला होता. वायरिंगचे दोन कनेक्टर गंजले होते. घेतानाच कार्पेट उचलून हात फिरवला असता तर हे कळलं असतं.

मग पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून टाकल्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आपल्याच चिकोडी-अथणीकडच्या उसाचंही त्यात असेल. पण 2007 च्या रबरासाठी ते बनलेलं नाही. शिवाय ते ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी असली की टाकी भरून ठेवतो.

नऊ महिन्यांत टायर धरून एक लाख ऐंशी हजार खर्च झाला. पुढच्या बंपरमागच्या दोन रेडिएटरांत पानं आणि धूळ अडकते, ती मी दर महिन्याला स्वतः काढतो. गावातल्या स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घ्यावी लागते. पण जांबोटी सोडल्यावर चोर्ला घाटाच्या वळणांत ही गाडी रस्त्याला जशी चिकटते, मागून त्या सहा सिलिंडरांचा आवाज जसा चढत जातो, तसं आजवर चालवलेल्या कुठल्याच गाडीत अनुभवलं नाही. गेल्या रविवारी छत उघडून एकटाच गेलो होतो. येताना कणकुंबीला थांबून आधी कार्पेटवर हात फिरवला. कोरडं होतं.