एक्सक्लॉक : सहा महिने, दोन तबकड्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं बघते. टेबलावरच्या जुन्या संगणकावर विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स मिंट, तिची एक्सएफसीई आवृत्ती आहे. नोव्हेंबरपासून तिथे उजव्या कोपऱ्यात एक्सक्लॉक, म्हणजे पडद्यावर घड्याळ दाखवणारा छोटा प्रोग्रॅम, चालू असतं. एक नाही, दोन.

खाली पॅनेलवर वेळ दिसते की, मग हे कशाला, असं सगळ्यांचं विचारून झालंय. कारण जर्मनीतलं गिऱ्हाईक. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. मी बोटांवर मोजायचे आणि चुकायचे. एकदा सकाळी ११ला फोन लावला, तिकडे साडेसहा! माणूस सभ्य म्हणून निभावलं.

एक्सक्लॉक ज्या एक्स विंडो सिस्टिमसोबत (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) येतं ती १९८४ची, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातली. दिसायलाही ते तेवढंच जुनं. पांढरी तबकडी, काळे काटे, कडेला रेघा. आकडे नाहीतच. मालक पहिल्या दिवशी म्हणाले, "काय ओ मॅडम, कारागीर आकडे टाकायला विसरला का?" पण टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) आज्ञेच्या आधी टीझेडला, म्हणजे टाइमझोनच्या सेटिंगला, युरोप/बर्लिन दिलं की तेवढं एकच घड्याळ जर्मनीचं होतं, बाकी संगणक सोलापुरातच राहतो. ओळखू यावं म्हणून त्याची पार्श्वभूमी पिवळी केली.

आणि गंमत अशी की, फरकात अर्धा तास असल्यामुळे दोन्ही मिनिटकाटे कायम एकमेकांच्या उलट दिशेला. आपला वर, तर त्यांचा खाली. दिवसभर नजरेसमोर असल्याने आता वजाबाकी करावीच लागत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे उन्हाळी वेळ सुरू झाली. सोमवारी आले तर पिवळ्या घड्याळाचा तासकाटा आपसूक एक तास पुढे, फरक साडेतीनवर. मी काहीच केलं नव्हतं. मिनिटकाटे मात्र अजून तसेच उलटे.

जानेवारीत मात्र फजिती झाली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी याच मशीनवर विंडोजही आहे. तिथून परत आले तर सकाळी ११ला एक्सक्लॉक साडेचार दाखवतंय! दोष त्याचा नव्हता. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तीच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वर साडेपाच तास चढवतं. त्या दिवशी इंटरनेटही बंद, त्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त व्हायलाही मार्ग नव्हता. शिवणकामाच्या एक मावशी कागद द्यायला आल्या, पडद्याकडे बघून "अगं बया, सुट्टी झाली की!" म्हणत माघारी फिरल्या. शेवटी लिनक्सलाच ते घड्याळ स्थानिक वेळेचं धरायला सांगितलं. तेव्हापासून भांडण नाही.

मराठी वाराचा हट्टही करून पाहिला. डिजिटल रूपात हवा तो मजकूर मांडता येतो, पण जोडाक्षरं त्याला जमत नाहीत. शनिवारची वेलांटी भलतीकडे, शुक्रवारातला क लंगडा. तो नाद सोडला.

गजर नाही. चाइम चालू केलं तर अर्ध्या तासाला एक आणि तासाला दोन टोले द्यायला हवेत. माझ्या मशीनवर आजवर एकही ऐकू आला नाही. सेकंदकाटा अपडेट १ सेकंदावर ठेवल्यावर येतो, पण दोन दिवसांत काढून टाकला. काम करताना डोळ्यासमोर सारखी वळवळ कोण सहन करणार?

बाकी खिडक्यांच्या वर राहायचं त्याला स्वतःला कळत नाही, ते एक्सएफसीईच्या शीर्षकपट्टीवर राइट क्लिक करून सांगावं लागतं. जागाही लक्षात ठेवत नाही, म्हणून आज्ञेतच कोपरा लिहून दोन्ही आज्ञा स्टार्टअपमध्ये टाकल्यात. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की यूपीएस जेमतेम १० मिनिटं टिकतो. पुन्हा मशीन चालू केलं की दोन्ही घड्याळं आपापल्या जागी हजर. वर राहायचं मात्र प्रत्येकाला पुन्हा सांगावं लागतं.

मालकांनी परवा विचारलं, दुबईचंही एक लावता येईल का. तिकडचा फरक दीड तास, म्हणजे काटा पुन्हा उलटाच. हिरवा रंग ठरलाय.