सीएमव्ही व्हायरल लोड: प्लाझ्मा की होल ब्लड?

प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचा रक्तातला आकडा, म्हणजे व्हायरल लोड, मोजणारी पीसीआर चाचणी लॅबमध्ये सुरू करायचं ठरलं की मशीन, किट आणि दर यांवर बैठका झडतात. नमुना कोणता घ्यायचा, सगळं रक्त (होल ब्लड) की पेशी वगळून उरणारा द्रव (प्लाझ्मा), हे मात्र उठता उठता उरकलं जातं. माझ्या मते खरा वाद तिथेच व्हायला हवा.

होल ब्लडची बाजू लंगडी नाही. विषाणू पांढऱ्या पेशींतही असतो, त्यामुळे तो लवकर सापडतो आणि आकडा बहुधा प्लाझ्मापेक्षा वरच येतो. सेंट्रिफ्यूजमध्ये घालून प्लाझ्मा वेगळा करण्याची फिरवाफिरवीही नाही, ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) ट्यूब आली की थेट एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे डीएनए काढायला. तालुक्याहून येणाऱ्या नमुन्यांना हे फार सोयीचं. आम्हीही होल ब्लडनेच सुरुवात केली होती.

वैताग आला तो हत्ती जाऊन शेपूट उरायचं त्याचा. किडनीचा रुग्ण, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही सीएमव्हीवरची गोळी चालू, ताप गेलेला, क्रिएटिनीन (किडनीच्या कामाचा आकडा) जागेवर. लोड हजारांतून शेकड्यांत उतरतो आणि तिथेच ठाण मांडतो. मग वॉर्डातून फोन: "सर, काउंट पडतोय. गोळी थांबवू का?" गोळी थांबवायला लोड दिसेनासा व्हायला हवा, किंवा निदान मोजता येण्याच्या मर्यादेखाली. आणि काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, तर गोळीनेच घटताहेत. उरलेला आकडा वाढत्या विषाणूचा की पेशीत सुप्त पडलेल्याचा, हे रिपोर्टवरून मी कसं सांगणार? आपल्याकडे बहुतेक प्रौढ सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह (जुन्या संसर्गाची अँटीबॉडी असलेले), म्हणजे सुप्त साठा जवळपास प्रत्येकाकडे. त्यात कुणी रेझिस्टन्सची (विषाणू औषधाला दाद देत नसल्याची) शंका काढली की विषाणूच्या यूएल९७ जनुकाच्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या माथी.

प्लाझ्मावर आल्यापासून असे फोन बरेच कमी झाले. मोजदाद ठेवलेली नाही, कानांचा अनुभव सांगतोय.

प्लाझ्माचेही नखरे आहेत. ट्यूब न फिरवता रेंगाळली तर पेशी फुटून आकडा फुगतो, त्यामुळे २४ तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा झालेला बरा. त्यातला विषाणूचा डीएनए बराचसा तुकड्यांत असतो, लांब अ‍ॅम्प्लिकॉनच्या, म्हणजे डीएनएचा लांब सलग भाग वाढवून मोजणाऱ्या, किटवर तो कमी मोजला जातो. खरेदीआधी कंपनीच्या माणसाला हे जरूर विचारा, बहुतेकदा तो 'विचारून सांगतो' म्हणतो. आतड्यातला सीएमव्ही प्लाझ्मात दिसेलच असं नाही, पण तिथे बायोप्सीवाचून तसंही भागत नाही.

तुमचे बहुतेक नमुने बाहेरून, न फिरवता येत असतील तर होल ब्लडला मी नाव ठेवणार नाही. रुग्ण तुमच्याच ओपीडीचे असतील तर मात्र मी कलेक्शनच्या खोलीत एक छोटं सेंट्रिफ्यूज ठेवेन.

आणि मध्येच बदलणार असाल, तर उपचार चालू असलेल्यांचा एक नमुना दोन्हींवर लावून घ्या. डब्ल्यूएचओचं स्टँडर्ड २०१० पासून आहे, रिपोर्ट आययूमध्ये (आंतरराष्ट्रीय एककांत) निघतात, तरी होल ब्लडचा आययू आणि प्लाझ्माचा आययू एका आलेखावर चालत नाहीत. एरवी अर्ध्या लॉगपर्यंतचा, म्हणजे साधारण तिपटीपर्यंतचा फरक आपण सोडून देतो. नुसता नमुना बदलल्याने पडणारा फरक त्याहून मोठा असू शकतो आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडलं.