ओमेगा-3 चं घरी करायचं टेस्ट किट: आकडा ठीक आहे, पण तो ‘आयन स्कोअर’ कुठून काढला?

मी रोज लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळणारा माणूस, त्यामुळे घरी बोट टोचून करायच्या टेस्टवर माझा मुळात फारसा भरवसा नाही, तरी हे किट मागवलं कारण ह्यात तांबड्या पेशींच्या आवरणातली फॅटी अ‍ॅसिड्स मोजतात आणि तो माझ्या आवडीचा विषय. कंपनीचं नाव घेत नाही, माझी तक्रार रिपोर्टच्या एका पानाबद्दल आहे, अख्ख्या किटबद्दल नाही.

खोक्यात दोन लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), एक कार्ड, पट्टी, पाकीट. सूचना नीट लिहिल्यात. माझं बोट गार होतं, थेंब काही येईना, मग पेशंटना जे करू नका म्हणून सांगतो नेमकं तेच केलं, बोट पिळलं. पोटॅशियमची टेस्ट असती तर सॅम्पल वाया गेलं असतं, कारण पिळताना पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर पडून रिपोर्ट उगाच वाढीव येतो. इथे फॅटी अ‍ॅसिड मोजायचीत म्हणून चाललं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कार्डाच्या कागदाला अँटिऑक्सिडंट लावलेलं आहे, ह्याचे मार्क द्यायलाच हवेत. हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे ही नाजूक फॅटी अ‍ॅसिड्स ऑक्सिडाइझ होऊन जातात, अगदी उणे 20 अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवलेल्या आरबीसीत, म्हणजे तांबड्या पेशीतसुद्धा, म्हणून उणे 80 लागतं. ज्याने कार्ड बनवलं त्याला हे माहीत होतं.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. ओमेगा-3 इंडेक्स 5.1. म्हणजे पेशीच्या आवरणात जेवढी फॅटी अ‍ॅसिड्स आहेत त्यात ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-3 फॅटी अ‍ॅसिड्स मिळून 5.1 टक्के. ही कल्पना हॅरिस आणि फॉन शाकी ह्या संशोधकांनी 2004 मध्ये मांडली, 8 च्या वर चांगलं, 4 च्या खाली कमी, मी मधे लटकलेला. वाळलेलं रक्त म्हणजे अख्खं रक्त, नुसत्या आरबीसी नाहीत, त्यामुळे आकडा समीकरण लावून बदलून घेतात, तेही बारीक अक्षरात का होईना पण लिहिलंय. इथपर्यंत सगळं मस्त.

आता पान तीन. ‘सेल आयन बॅलन्स 62/100’, आयन म्हणजे सोडियम, पोटॅशियमसारखे विद्युतभार असलेले कण. खाली पिवळा मीटर आणि ‘तुमच्या पेशींचा सोडियम पंप मध्यम क्षमतेने काम करतोय’. मी दोनदा वाचलं, म्हटलं हे मोजलं कधी?

तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे साधारण 100 मिलिमोल आणि बाहेर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, जेमतेम 4, सोडियमचं बरोबर उलटं, आत 10 च्या आसपास आणि बाहेर 140. हा फरक टिकवतो सोडियम-पोटॅशियम पंप, एका फेरीत 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, आणि ह्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) नसल्यामुळे त्याचं इंधन फक्त ग्लुकोज फोडून मिळतं. स्को नावाच्या शास्त्रज्ञाने 1957 मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करून ह्या एन्झाइमचा शोध लावला, त्याचं नोबेल 1997 मध्ये मिळालं.

फॅटी अ‍ॅसिडचा संबंध नाही असं मी म्हणतच नाहीये, उलट खूप आहे. पंप पेशीच्या आवरणात, म्हणजे चरबीच्या पडद्यात रुतलेला असतो आणि प्रत्येक फेरीला त्याला आपला आकार बदलावा लागतो. सॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिडच्या शेपट्या सरळ, त्या दाटीवाटीने बसतात, वर कोलेस्टेरॉल जास्त असेल तर पडदा कडक होतो आणि पंप जड चालतो. डीएचएच्या शेपटीत 22 कार्बन आणि 6 डबल बाँड, ती ठिकठिकाणी वाकलेली, शेजाऱ्याला चिकटून बसतच नाही. पण म्हणून ओमेगा-3 वाढलं की पंप जोरात, असं सरळ गणित नाही, कारण पडदा सैल झाला तर आयनची गळतीही वाढू शकते. शिवाय पिएझो1 नावाचं चॅनेल, म्हणजे आवरणातलं आयन जायचं दार आहे, पेशी अरुंद केशवाहिनीतून पिळून निघताना ते उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, त्याने गार्डोस चॅनेल उघडतं (गार्डोसने हा परिणाम 1958 मध्ये दाखवला), पोटॅशियम बाहेर, पाठोपाठ पाणी, पेशी आकसते. 2019 च्या एका अभ्यासात दिसलं की 17 कार्बनचं मार्गारिक अ‍ॅसिड पिएझो1 ला दाबून टाकतं, ईपीएमुळे ते लवकर शांत होतं आणि डीएचएमुळे उलट उशिरा. म्हणजे इंडेक्समध्ये ज्या दोघांची बेरीज करतात ते दोघं इथे विरुद्ध दिशेला ओढतात! त्या बेरजेवरून आयनचा स्कोअर काढणार कसा?

आणि मुख्य म्हणजे कार्डावरचा डाग वाळलेला असतो हो. पेशी फुटल्या, आतलं-बाहेरचं सगळं एक झालं, फरक उरलाच नाही तर मोजणार काय? आयनची ये-जा बघायची तर ताज्या जिवंत पेशी लागतात, धुवून, 37 अंशाला ठेवून, वेळ लावून.

सपोर्टला फोन केला. मुलगी फार नम्र होती, ‘सर, तो स्कोअर तुमच्या फॅटी अ‍ॅसिड प्रोफाइलवरून आमचा अल्गोरिदम काढतो.’ म्हटलं, मग मीटरखाली ‘अंदाज’ असं लिहा ना. ‘सर, फीडबॅक टीमला कळवते.’ अजून पान तसंच आहे.

दुसरी खटकलेली गोष्ट, 30 दिवसांनी परत टेस्ट करा म्हणून मेसेजवर मेसेज येतात. तांबडी पेशी 120 दिवस जगते, प्लाझ्माशी थोडी देवाणघेवाण चालू असते म्हणून आकडा आधी हलतो खरा, पण नीट स्थिरावायला चार महिने द्यावेत.

5 पैकी 3 स्टार. पहिली दोन पानं 4 ची आहेत, एक स्टार पान तीनने खाल्ला. दुसरं किट मागवून ठेवलंय, चार महिन्यांनी वापरेन, आणि ह्या वेळी आधी हात गरम पाण्यात धरेन.