जुन्या गेम मशीनची जॉयस्टिक: दुरुस्त करावी की बदलावी?

पार्लरमधलं जुनं मशीन घरी आलं, स्क्रीन लागली, पण जॉयस्टिक डावीकडे घेतच नाही. अशा वेळी नाशिकमध्ये बहुतेक जण सरळ नवी मागवतात. मी म्हणेन, आधी पॅनल उघडून खालून बघा. धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जोड्या दिसल्या तर ती लीफ स्विचची. चौकोनी डब्या आणि टकटक आवाज असेल तर मायक्रोस्विचची.

लीफवाली सहसा मरत नाही, नुसती मळते. पावसाळ्यात मशीन बंद राहिलं की संपर्कबिंदूंवर काळपट थर चढतो. प्लग काढा, कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, दोन पात्यांमध्ये धरून हलकेच ओढा. कागदावर काळी रेघ उमटेल. ती उमटायची थांबेपर्यंत पट्टी बदलत राहा. पॉलिश पेपर अजिबात नको, बिंदूंवरचा मुलामाच निघून जातो. फट वाढली असेल तर पातं बुडाशी वाकवा, टोकाशी नव्हे. खर्च जवळजवळ शून्य, पण हात स्थिर हवा आणि वर्षा-दोन वर्षांनी हेच पुन्हा करायची तयारी हवी.

मायक्रोस्विचला एवढे लाड लागत नाहीत. मल्टिमीटर लावून बिघडलेला स्विच शोधा, तेवढाच बदला. मात्र वायर कॉमन (सामाईक) आणि ‘एनओ’ (एरवी उघडं, दाबल्यावर जोडलं जाणारं) या टोकांनाच जोडा. चुकून ‘एनसी’ला (एरवीच जोडलेल्या टोकाला) गेली तर हात न लावताही पडद्यावरचा गडी एकाच दिशेला पळत सुटतो.

अख्खी नवी बसवायची तर आधी गेम बघा. १९८०चा पॅक-मॅन चार दिशांचा आहे. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर तो वळणावर अडकतो आणि आपण खेळाडूला नावं ठेवतो. त्यासाठी चार दिशांचं गेट, म्हणजे दांडा ठरावीक दिशांनाच जाऊ देणारी खालची पट्टी, हवंच. काही जॉयस्टिकमध्ये तेच गेट फिरवून काम होतं. याउलट स्ट्रीट फायटर २ (१९९१) किंवा आपल्याकडे सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतात तो १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स असेल, तर आठ दिशांची मायक्रोस्विचवाली बिनधास्त घ्या. सान्वा या जपानी कंपनीची जेएलएफ ही जॉयस्टिक हलकी, झटपट चालते. पण जाड प्लायवुडच्या पॅनलवर तिचा दांडा आखूड पडतो आणि भोकंही जुळतीलच असं नाही. घेण्याआधी पॅनलची जाडी मोजा.

माझा कौल: मूळ लीफवालं मशीन असेल तर साफच करा, विकताना मूळ भागांना मान असतो. रोज पोरं तुटून पडणार असतील तर मायक्रोस्विच. अल्कोहोल एम.जी. रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. दांडा अडकवून ठेवणारी ‘E’ आकाराची ई-क्लिप हरवली तर जुनी जॉयस्टिकच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, दांड्याभोवतीचा बुश (कडं) झिजला असेल तर अंबड किंवा सातपूरला लेथवाल्याकडे. आणि फिरत्या भागाला शिलाई मशीनचं तेल नको, सिलिकॉन ग्रीसच लावा, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.