सुटं घासाचं बियाणं घेऊ नका, त्यात अमरवेल येते

५ पैकी १ तारा.

तालुक्याच्या बाजारात गोणीतून मापून मिळणारं लसूणघासाचं (लुसर्न या चाऱ्याचं) बियाणं. लेबल नाही, पावतीवर वाणाचं नाव नाही. उगवण चांगली झाली, गाईंनी आवडीनं खाल्लं, तो एक तारा तेवढ्यासाठी.

दुसऱ्या कापणीनंतर वाफ्यात पिवळ्या दोऱ्यांचे चट्टे पडले. अमरवेल, दुसऱ्या झाडावर जगणारी परजीवी वेल. ही मूळची उत्तर अमेरिकेतली जात, कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस, घासाच्या बियाण्यातूनच देशोदेशी गेलेली. उगवल्यावर काही दिवसांत आधार मिळाला नाही तर कोंब मरतो. मिळाला की विळखा घालून घासाच्या दांड्यात शोषकं घुसवतो आणि स्वतःचं जमिनीशी असलेलं नातं तोडून टाकतो. मग साखर, पाणी, नत्र, पालाश, सगळं घासाचंच.

घास आपण लावतो तो प्रथिनांसाठी, आणि मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात म्हणून. त्या गाठी जगतात पानांनी पाठवलेल्या साखरेवर. साखर वाटेतच गेली की गाठी उपाशी. चट्ट्यातली झाडं उपटून बघितली, तर गाठी बारीक आणि मोजक्याच. नत्र बांधणारं पीकच नत्र गमावत होतं, याचं मला फार वाईट वाटलं. घास विरळ झाला तिथं हरळी आणि लव्हाळा घुसले. गवतवर्गावर ही वेल सहसा जगत नाही, त्यामुळे तण तजेलदार आणि पीक पिवळं. वाफ्याची जातकुळीच बदलली.

यात दुकानदाराची जबाबदारी मोठी आहे. घासाचं बी गुळगुळीत, अमरवेलीचं खरबरीत. मखमली रुळांच्या यंत्रात ते चिकटून वेगळं होतं. नुसत्या चाळणीनं सगळं निघत नाही. प्रमाणित बियाण्यात अमरवेल हे आक्षेपार्ह तण म्हणून तपासलं जातं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आरएल-८८ हे घासाचं वाण महाग पडलं तरी लेबल असलेली पिशवीच घ्या. अमरवेलीचं बी जमिनीत दहा वर्षांहून जास्त टिकतं, स्वस्ताईचा हिशेब तेवढा लांब जातो. आम्ही आता त्या रानात ज्वारी-मका घेणार आहोत, ही गवतवर्गातली पिकं, त्यांवर ही वेल सहसा जगत नाही.

याच गोणीतलं बी नेलं असेल, तर वेल फुलायच्या आत चट्टा घासासकट जमिनीलगत कापून जाळा. बी धरलेली वेल जनावरांना घालू नका, ते शेणातून जिवंत बाहेर पडतं आणि शेणखताबरोबर शेजाऱ्याच्या रानात जातं.